चिंच वाढली

भोगी जवळ आली की तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या घरात आई फळीवरचे सगळे डबे उतरवायला लावायची. मी एकेक उघडून बघायची आणि ती चुलीपाशून विचारायची. 'संपलं' हा शब्द तिला खपत नसे. तूरडाळीचा डबा खडखडीत रिकामा असला, तरी 'डाळ वाढली' असंच म्हणायचं. मला तो हट्ट वेडगळ वाटे. तरी मी 'वाढली' म्हटलं, की ती म्हणे, "बरं, आणू."

आई गेली त्या वर्षी आम्हाला सण नव्हता, तरी डबे मी उतरवले. चिंचेची बरणी रिकामी होती. "चिंच वाढली," मी चुलीकडे बघून म्हणाले आणि थोडा वेळ थांबले.

मग दुकानात जाऊन तमिळमध्ये सांगितलं, चिंच संपली.