मिरीचा जुना फोटो

डॉक्टरबाईंना संस्थेच्या मंडळावर घेतलं तेव्हा त्या तिथे बोलतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. लेटरहेडवर एखाद्या सर्जनचं नाव असलं की देणगीदारांचा हात जरा सैल सुटतो, एवढाच त्यामागचा विचार. बाईंनी महिन्यातून एकदा यावं, चहा घ्यावा, ठरावाला मान डोलवावी आणि आपल्या कामाला जावं. बाई यायच्या, चहाही घ्यायच्या, पण मान डोलवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांची आई म्हणायची, ही पोटात होती तेव्हाही 'नाही, नाही' म्हणूनच पाय झाडत होती.

संस्था होती जन्मतःच ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या मुलांसाठी. आईबापांना परवडत नाही अशा मुलांची ऑपरेशनं ती करून द्यायची, आणि ती करायच्या डॉक्टरबाई, एक पैसा न घेता. आठवडाभर मोठ्या इस्पितळात राबायचं आणि सुट्टीच्या दिवशी या पोरांचे ओठ शिवायचे. त्यांचा टाका इतका बारीक की बरोबरीचे सर्जन बघायला यायचे. तो टाका कॉलेजात शिकलेला नव्हता. थोरल्या बहिणीने, आक्काने, जन्मभर शाळेत शिवणकाम शिकवलं होतं, आणि धाकटीने वाकडी टीप घातली की ती सगळी उसवायला लावायची. हात तिथे तयार झाला. जीभ मात्र बाईंची स्वतःची होती. इस्पितळातल्या नर्सा त्यांना पाठीमागे तिखटबाई म्हणायच्या, आणि बाईंना ते माहीत होतं व आवडतही होतं.

मंडळाची बैठक अध्यक्षांच्या फरशीच्या दुकानावरच्या खोलीत भरायची. भिंतीला टेकून नमुन्याच्या फरशा उभ्या, मधे काचेचं टेबल, त्यावर बिस्किटांची बशी, आणि कोपऱ्यात एसीचं पाणी गळायला ठेवलेली बादली. अध्यक्ष बोलायला गोड आणि कामाला वाघ. संस्थेच्या कामासाठी उन्हातान्हात हिंडायचे, पेट्रोलसुद्धा स्वतःच्या खिशातलं. त्यांच्याशी भांडणं अवघड होतं, कारण माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी काय, कुणीही भांडतं.

त्या दिवशी अध्यक्ष खुशीत होते. एका कंपनीने पुढच्या वर्षाच्या सगळ्या ऑपरेशनांचा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. अट एकच, मुख्य चौकात मोठा फलक लावायचा. जाहिरातवाल्याने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. उजवीकडे अकरा वर्षांची एक मुलगी हसत होती, वरच्या ओठावर जेमतेम दिसणारी एक रेघ. डावीकडची जागा रिकामी होती. तिथे त्याच मुलीचा ऑपरेशनच्या आधीचा फोटो यायचा होता, आणि तो होता फक्त डॉक्टरबाईंकडे.

मुलगी होती मिरी. वॉर्डातल्या मावशींनी ठेवलेलं नाव, मिरीएवढी दिसायची म्हणून. ती बाईंकडे आली तीच उशिरा, सहाव्या वर्षी. तोवर तिच्या आईने घरात आरसा ठेवला नव्हता. आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची, आणि आपल्या पोरीचा ओठ शिवता येतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ऑपरेशननंतर घर बदललं, शाळा बदलली. नव्या शाळेत मिरी आधी कशी दिसायची हे कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि त्या शाळेचा रस्ता नेमका त्या चौकातून जात होता.

बाई म्हणाल्या, फोटो मिळणार नाही.

मग सगळे एकदम बोलू लागले. जाहिरातवाला म्हणाला, डावी बाजू नसेल तर उजवीला अर्थ काय? खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये असं ऐकवलं. अध्यक्षांनी समजुतीचा सूर लावला. दाखल होताना मुलीच्या आईने फोटोला संमती दिलीय, लोकांच्या पैशाने ऑपरेशन झालंय, तर आपल्या पैशाचं काय झालं हे लोकांना बघू द्यायला नको का?

अध्यक्षांचं नुकतंच मूळव्याधीचं ऑपरेशन झालं होतं. ते स्वतःच भेटेल त्याला त्याची साग्रसंगीत हकीकत सांगायचे, आणि बैठकीला बसायला रबराची रिंग आणायचे. बाईंनी त्या रिंगेकडे पाहिलं.

"साहेब, तुमचंही ऑपरेशन छान झालंय," त्या म्हणाल्या. "आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो लावू या चौकात. लोकांना धीर येईल."

खजिनदारांना चहाचा ठसका लागला. अध्यक्ष कानापर्यंत लाल झाले.

"मी ते पैसे भरून करून घेतलंय, डॉक्टर."

"तेच म्हणतेय मी. पैसे भरले की अंग आपलं, नाही भरले की चौकाचं."

पण अध्यक्ष मुरलेले व्यापारी होते. ते म्हणाले, मुलीलाच विचारू. पुढच्या बैठकीला मायलेकींना बोलावू, ती नको म्हणाली तर विषय संपला. सगळ्यांना हे फार पटलं. बाईंना मात्र नाही, कारण मिरी काय म्हणेल हे त्यांना पक्कं माहीत होतं.

संध्याकाळी घरी आक्का पडद्याला काठ लावत बसली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, तुझं चुकतंय असं मी म्हणत नाही, पण ज्यांची ऑपरेशनं राहतील त्या पोरांना काय सांगशील? हा प्रश्न बाईंनाही दिवसभर टोचत होता. वॉर्डाबाहेर बाळं घेऊन बसलेल्या आया त्यांना रोज दिसत होत्या. एका मिरीसाठी त्या बाकीच्यांच्या पायावर धोंडा तर मारत नव्हत्या? त्यांनी कितीदा हिशोब मांडून पाहिला, आणि दर वेळी त्यांना चिडच आली. एका पोरीची लाज विकून दुसरीचा ओठ शिवायचा, हा कुठला धंदा?

"आणि पोरगी हो म्हणाली तर?" आक्काने विचारलं.

"म्हणणारच आहे ती. तिला दुसरं काही शिकवलंय कुणी?"

"मग शिकव की," आक्का म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

पुढच्या बैठकीला मिरी आणि तिची आई आल्या. आईने जपून ठेवलेली साडी नेसली होती, कडक इस्त्रीची. मिरी खुर्चीच्या कडेवर बसली. अध्यक्षांनी तिच्यापुढे बिस्किटं सरकवली आणि खरोखर प्रेमाने विचारलं. बाळा, तुझा आधीचा फोटो लावला तर तुझ्यासारख्या कितीतरी मुलांना मदत होईल. लावायचा ना?

"हो," मिरी म्हणाली.

जाहिरातवाल्याने सुटकेचा श्वास सोडला. आई हात जोडून म्हणाली, साहेब, तुम्ही इतकं केलंत, आम्ही कोणत्या तोंडाने नाही म्हणणार. अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत कुत्सितपणा नव्हता, फक्त झालं ना समाधान, एवढंच होतं.

बाई उठल्या. पर्समधून पाकीट काढून त्यांनी त्यातला फोटो मिरीच्या हातात दिला आणि तिच्यासमोर फरशीवरच बसल्या.

"हा बघ. तू पाहिला नव्हतास ना कधी?"

मिरीने पाहिला. बराच वेळ पाहिला. तिचं बोट आपोआप ओठावर गेलं.

"आता मी सांगते ते ऐक. तुझा ओठ शिवून झालाय. तो आता कुणालाही परत घेता येत नाही. हो म्हणालीस तरी तो तुझा, नाही म्हणालीस तरी तुझाच."

"आणि दातांचं?" मिरीने हळूच विचारलं. हिरडीचं एक ऑपरेशन तिचं अजून राहिलं होतं.

पोरगी कशाला हो म्हणाली ते आता प्रत्येकाला कळलं, अध्यक्षांनासुद्धा. त्यांनी मान खाली घातली.

"ते मी करणार आहे," बाई म्हणाल्या. "हे साहेब नाही, ती कंपनी नाही. मी. तू माझ्याशी भांडलीस तरी करणार. आता सांग, चौकात लावायचा?"

मिरीने आईकडे पाहिलं नाही. फोटो छातीशी उलटा धरला.

"नाही."

खजिनदारांचा संयम तिथे सुटला. कंपनी गेली तर जबाबदार कोण, मंडळावर बसून मंडळाच्याच मुळावर उठायचं ही कुठली पद्धत, अशा माणसाला मंडळावर ठेवायचं की नाही याचाच आज विचार व्हावा. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. राग त्यांच्या नाकावरच असायचा, पण आज तो नाकावरून खाली उतरून कुठेतरी घट्ट बसला होता.

"मला काढायचं तर खुशाल काढा. ऑपरेशनं मी काही या खुर्चीत बसून करत नाही. आणि कंपनीकडे मी स्वतः जाते. त्यांना चौकात तोंडच हवं असेल तर माझं लावा. फार देखणं नाही, पण मी हो म्हणतेय."

हसावं की रागवावं हे कुणाला ठरवता येईना. अध्यक्ष मात्र म्हणाले, आधी मुलीला घरी जाऊ द्या, मग बघू. बाई मायलेकींना सोडायला जिन्यापर्यंत गेल्या.

जिन्यात मिरीची आई घाबरलेलीच होती, आणि बाई मनातून इतक्या खूश होत्या की पोरीला कडेवर घ्यावं असं त्यांना वाटत होतं. त्याच खुशीत त्या म्हणाल्या, मिरी, या फोटोची एक प्रत मी ठेवू? चौकात नाही हं, माझ्या खोलीत, टेबलाच्या खणात. तान्ही बाळं घेऊन आया येतात, रडतात. त्यांना दाखवीन, की बघा, ही अशी होती आणि आता शाळेत जाते.

मिरीने विचार केला. नीट केला.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, डॉक्टरबाईंना नाही म्हणतेस?" आई कळवळली. "हो म्हण आधी."

बाईंना लागलं. खोटं कशाला सांगायचं, चांगलंच लागलं. त्या ओठाचा टाका न् टाका त्यांच्या हातचा होता, आणि जगात कुणाला हक्क असेल तर तो आपल्याला, असं त्या धरूनच चालल्या होत्या. इतकं धरून, की पर्सच्या आतल्या कप्प्यात फोटोची दुसरी प्रत तयार होती. ती त्यांनी सकाळीच काढून घेतली होती, कुणालाही न विचारता.

"तिला काही बोलू नका," त्या आईला म्हणाल्या. "तिला विचारलं, तिने सांगितलं. संपलं."

त्यांनी पर्स उघडली आणि दुसरी प्रत मिरीच्या हातात ठेवली. मिरीने दोन्ही फोटो एकावर एक जुळवले. मग वर पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत मघाची ती खुर्चीच्या कडेवरची मुलगी नव्हती.

"अजून आहे?"

"एक आहे. इस्पितळाच्या कागदांत, कपाटात. तो फाडता येत नाही मला."

"कुणाला दाखवायचा असेल तर मला विचारायचं."

"तुलाच विचारीन," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मिरीने मान डोलवली, फोटो दप्तरात घातले आणि आईचा हात धरून जिना उतरू लागली. मायलेकी रस्त्याला लागेपर्यंत बाई कठड्याशी उभ्या राहिल्या, आणि मग मंडळाशी भांडायला पुन्हा वर गेल्या.