सोनलच्या नावावर माझं बोट

आधी फिलोमिना टीचरांचं नाव घेते. या शाळेत मला त्यांनी लावलं. हिंगोलीकडून नवऱ्यामागे नायगावला आले तेव्हा माझ्याजवळ सातवीचा दाखला होता आणि बोलायला माणूस नव्हतं. मुलीला शाळेत सोडून मी फाटकाशीच थांबायची — घरी जाऊन तरी काय करायचं? टीचर जवळच्या गास गावाहून स्कूटीवर यायच्या, मला बघायच्या. एक दिवस हाताला धरून मोठ्या बाईंपुढे नेलं आणि म्हणाल्या, "हिला ठेवा. लेकरांना जीव लावते आणि इकडचं तिकडे करत नाही."

त्यांनी हे कौतुकानं सांगितलं होतं.

आता जे लिहितेय ते नवऱ्यालाही माहीत नाही. लिहिताना दोनदा उठले. एकदा कुकर बंद करायला, एकदा उगाच.

शाळेत टॅब आले, तिथून हे सुरू होतं. संस्थेनं ठरवलं होतं की पाचवीच्या लेकरांना वर्षभर टॅबवर वाचायला शिकवायचं. वर्ष सरताना समिती येऊन बघणार. उपयोग झाला असेल तर सगळ्या वर्गांना टॅब, नसेल तर आहेत तेही परत. ऐकायला किती सरळ! पण नेट कधी असायचं, कधी नाही. वर्गाच्या बाईंना पोर्शन संपवायची घाई. त्यात लेकरांच्या हातून फुटले तर भरून कोण देणार, म्हणून टॅबच्या खोलीला कुलूप. किल्ली माझ्याकडे. टॅब पुसायचे, चार्जिंगला लावायचे, हे माझं काम. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "शोभा, टॅब राहिले तर ही खोली राहील. खोली नसेल तर तुला कुठे ठेवू, तूच सांग."

मी किल्ली कमरेला खोचली.

तिकडे मागच्या व्हरांड्यात फिलोमिना टीचर चटई टाकून बसायच्या. ज्यांना पाचवीत येऊनही वाचता येत नाही अशी लेकरं त्यांच्याकडे. एकेक अक्षर, एकेक लेकरू. सोनल त्यातलीच — रिक्षावाल्याची मुलगी, दोन वेण्या, सतत नखं खाणारी. काना-मात्रा तिला जमायला लागल्या होत्या, जोडाक्षराशी अडायची. टीचर तिला चिडवायच्या, "काय गो सोनलबाय, आज तरी स्वयंपाक शिजतो की कच्चाच?" सोनल खुदकन हसायची आणि तो शब्द पुन्हा वाचायला घ्यायची. स्व... स्वयं... हळूहळू चाललं होतं. पण चाललं होतं.

टॅबमध्ये प्रत्येक लेकराचा फोटो आणि नाव. नावावर बोट ठेवलं की त्याचा पाठ सुरू. पाठ पुरा झाला, उत्तरं बरोबर आली की नावापुढे हिरवा ठिपका. समिती येण्याआधी मोठ्या बाईंनी बघितलं तर सगळे ठिपके करडे. त्या मला रागावल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "हे असंच दिसलं तर संपलंच."

मग मी — सांगते. शाळा सुटल्यावर झाडू मारून झाला की खोलीत बसायची आणि लेकरांच्या नावावर बोट ठेवून त्यांचे पाठ सोडवायची. आधी दोन-चार. मग सगळ्यांचे. भीतीनं केलं, हे खरं. पण भीतीच होती का नुसती? उत्तर बरोबर आलं की टॅब टाळ्या वाजवायचा. माझ्यासाठी शाळेत कोणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. सोनलचे पाठ मी जास्त मन लावून सोडवले. जोडाक्षरांचे सगळेच्या सगळे. वाटलं, बिचारीला कोणी कच्ची म्हणायला नको.

समिती आली. मोठ्या बाईंनी प्रोजेक्टरनं भिंतीवर ठिपके दाखवले, सगळे हिरवे. पाहुण्यांनी वर्गात विचारलं, "टॅब आवडतो का?" लेकरं ओरडली, "होऽऽ!" बिस्किटं खाल्ली, फोटो काढले. एकाही लेकराच्या हातात पुस्तक देऊन वाच म्हणाले नाहीत. मी दारात उभी होते. मनात म्हणत होते, द्या, एकदा द्या पुस्तक. आणि देऊ नका, असंही म्हणत होते.

त्यांनी ठरवलं की जे व्हरांड्यात होत नव्हतं ते टॅबनं केलं. व्हरांड्यातला वर्ग बंद. टीचरांची नेमणूक वर्षावर्षाची होती, ती पुढे झाली नाही.

शेवटच्या दिवशी त्या टॅबच्या खोलीत चहा प्यायला आल्या. म्हणाल्या, "शोभा, एवढी वर्षं मी चुकीचंच शिकवत होते बघ. सोनलला जोडाक्षरं या डब्यानं शिकवली. मला नाही जमलं." त्यांचा आवाज रडवेला नव्हता. त्यांना ते पटलं होतं. तेव्हा सांगायचं होतं ना मी? खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणाले, "चहा गार होतोय, टीचर."

सोनल सहावीत गेली. एकदा माझा पदर धरून विचारलं, "मावशी, टॅबमध्ये मला सगळं येतं ना? मग पुस्तकात का नाही येत?" मी म्हणाले, येईल. तिची आई फाटकाशी सांगत होती, "शाळेत वाचते म्हणे, आणि घरी बसची पाटी वाच म्हटलं तर थोबाड शिवते. नाटकं नुसती! दोन ठेवून दिल्या तिच्या बापानं." ते ऐकलं आणि मी फाटक लावून घेतलं. दिवाळीनंतर सोनल आलीच नाही. आता घरी धाकट्या भावाला सांभाळते.

आता सगळ्या वर्गांना टॅब आहेत. ठिपके अजून मीच हिरवे करते. कालही केले.

टीचरांनी घरची गोष्टीची पुस्तकं कोणाला तरी देऊन टाकली, शिकवणीही घेत नाहीत, असं कानावर आलं. टीचर, तुमच्यामुळे माझ्या घरात चूल पेटते. मी एक दिवस गासला येईन. तुमच्यासमोर उभी राहून सांगेन की सोनलला वाचायला तुम्हीच शिकवत होतात, आणि ती शिकत होती. त्यानं सोनल परत यायची नाही, तुमची चटईही कोणी परत टाकू देणार नाही. तरी तुमच्याकडून मी जे काढून घेतलं, तेवढं तुम्हाला परत करीन. अजून आले नाही. येईन.