आहेराचे दोन तास

आमच्या घरात एक कथा मोठ्या चवीने सांगितली जाते. माझ्या निरोप समारंभाचे चित्रीकरण माझ्याच हातून चुकून पुसले गेले, कारण म्हणे अप्पांना, म्हणजे मला, माउस धरता येत नव्हता. मुलगा ती पुण्यात सांगतो, मुलगी सासरी सांगते. ती साफ खोटी आहे.

मुलगा पुण्याला संगणकाच्या नोकरीला लागल्यावर त्याने बिदरजवळच्या नौबादच्या आमच्या घरी टीव्हीखाली एक काळी पेटी आणून बसवली. तिला तो सर्व्हर म्हणे. सिनेमे, भजने, जुन्या कॅसेटींवरून उतरवलेली घरची कार्ये, सारे तिच्यात. मूळ कॅसेटींना बुरशी लागली म्हणून त्या टाकून दिल्या होत्या. एका दिवाळीत नातवाच्या बारशाचे चित्रीकरण तिच्यात भरायला घेतले, तर जागाच उरलेली नव्हती. मुलाने सिनेमे काढून टाकले, त्यावरून त्याची आई रुसली, तरीही जागा पुरेना.

सर्वांत जास्त जागा मुलीच्या लग्नाने अडवली होती. अक्षता, सप्तपदी वगैरे तासाभराचे. पुढचे दोन तास नुसता आहेर. आमच्याकडे आहेर माइकवरून पुकारतात. कोणी, कोणत्या गावाहून, कोणाला काय आणले, हे साऱ्या मांडवाला ऐकू गेले पाहिजे.

मुलगा म्हणाला, “अप्पा, लग्न ठेवतो, आहेर काढतो. दोन-दोन तास टॉवेल-टोपी कोण बघायलंय?”

दिवाळीला आलेल्या मुलीनेही दुजोरा दिला, आणि लग्न तर तिचेच होते.

तो आहेर माझे थोरले बंधू, अण्णा, पुकारीत होते. सोयरे कन्नड असले की तेच पुन्हा कन्नडमधून, आणि प्रत्येकाला वर एक कोपरखळी. सकाळपासून माइकपाशी उभे असल्यामुळे लग्नाच्या एकाही दृश्यात ते नाहीत. कॅमेरा त्यांच्याकडे वळलाच नाही. उरला तो आवाज. पुढच्याच वर्षी अण्णा गेले.

त्यांच्या मागे वहिनी मंठाळला राहत. डॉक्टरला दाखवायला बिदरला आल्या की आमच्याकडे मुक्काम करीत आणि आहेर लावायला सांगत. मग टीव्हीकडे पाठ करून मेथी निवडीत बसत. मुलांचे म्हणणे एका अर्थी खरे होते. बघत कोणीच नव्हते.

मी म्हटले, माझा निरोप समारंभ काढ. हळ्ळीखेडच्या शाळेतून मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, तेव्हाचे ते चित्रीकरण. शेवटी माझे भाषण होते. ते उत्तम होते, आणि हे मत केवळ माझे नाही. मुलाला थट्टा वाटली. नीट विचार करा म्हणून तो आत चहा प्यायला गेला. मी माउस हाती घेतला. नक्की पुसायचे का, असे पडद्याने विचारले. होय, असे मी सांगितले. बोट जरासुद्धा घसरले नाही.

मग बोट घसरल्याची कथा आली कोठून? पुढच्या खेपेला वहिनी आल्या तेव्हा मुलेही घरी होती. तुमच्या आहेरासाठी यांनी स्वतःचे भाषण पुसले, असे पत्नी कौतुकाने सांगून बसली. वहिनींचा हात मेथीतच थांबला.

“माझ्यापायी कामून पुसलात, भावजी? असलं असंल तर मला न्हाई ऐकायचं ते.”

त्या हट्टी होत्या. एकदा न्हाई म्हणाल्या की विषय संपला.

“तुमच्यापायी कशाला?” मी म्हणालो. “बोट घसरलं माझं.”

आयुष्यात प्रथमच मी चूक कबूल करीत होतो, म्हणून मुलांनी ते वाक्य झडप घालून उचलले. तेवढाच त्यांचा पुरावा. आता वहिनीही नाहीत, तेव्हा खरे सांगायला हरकत उरलेली नाही.

त्या दिवशी वहिनींनी मला निरखले. “व्हय? मग म्हणून दाखवा भाषण. बघू ध्यानात हाय का.”

मी उठून उभा राहिलो, उपरणे सारखे केले आणि सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला वहिनी माझ्या पत्नीकडे वळून म्हणाल्या, “बाई, लाव की तिकडं.”

टीव्ही लागला. अण्णांनी कोणा मामांना पुढे बोलावले, लाजू नका म्हणाले, आणि नवरदेवाचा पोशाख पुकारला. वहिनी खाली मान घालून हसल्या आणि पुन्हा पाने खुडू लागल्या. अण्णा बोलत असताना मध्ये बोलण्याची आमच्या घराण्यात रीत नव्हती. मी खाली बसलो.