दोनवरचा दिवा

चन्नवीरप्पाकाकांनी तीस वर्षं धारवाडच्या गल्ल्यांतून लोकांच्या विजेचे मीटर वाचले. कुणाच्याही घरी शिरले की नजर आधी वर, दिव्याकडे. "काय हो, दिवसाढवळ्या बल्ब? घरात लग्नबिग्न आहे की काय?" असं विचारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. निवृत्तीनंतर वाचायला एकच मीटर उरला, स्वतःच्या घरचा. तोही रोज वाचायचे.

मग त्यांनी जुन्या बाजारातून पंख्याचा रेग्युलेटर आणला. एक ते पाच आकड्यांचा तो जाडजूड डबा त्यांनी मधल्या खोलीतल्या बल्बला जोडला आणि दोनवर ठेवला. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लाल दिसायचा. "दिवा निम्मा, वीज निम्मी," असं गल्लीभर सांगत सुटले. मी समोरच्याच घरातली; मला तेव्हाही राग यायचा, कारण त्याच खोलीत रुद्रव्वाकाकू संध्याकाळी कसुतीचं भरतकाम काढत बसायच्या.

कसुतीला कापडाचे धागे मोजावे लागतात. गाठ मारायची नाही, आणि नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसली पाहिजे. काकूंनी भरलेल्या पदराची वरची बाजू कोणती, हे मला कधी ओळखता आलं नाही, आणि मी तर त्यांच्याच हाताखाली शिकले.

"अहो, दिवा जरा मोठा करा की."

"तूच डोळे मोठे कर."

"केले की! बशीएवढे केले. आता काय परात करू?"

दोघं हसायचे. वर्षभर हे असंच चाललं. काकूंना कमी दिसायचं, आणि दिवा दोनवर आहे म्हणून कमी दिसतं, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

माझं लग्न ठरलं तेव्हा काकूंनी माझ्यासाठी काळी चंद्रकळा भरायला घेतली. काळ्यावर धागे मोजणं फार कठीण. एका संध्याकाळी मी पदर उलटून पाहिला. नक्षीतल्या गोपुराच्या पायऱ्या मागच्या बाजूला भलतीकडेच गेल्या होत्या, आणि दोन ठिकाणी चक्क गाठी होत्या.

मला रडूच आलं. मी तरातरा उठले आणि डब्याचा खटका पार शेवटपर्यंत फिरवला. खोली लख्ख झाली.

"काकू, हे बघा काय झालंय."

काकूंनी पदर डोळ्यांशी नेला. बोटांनी चाचपला. मग म्हणाल्या, "दिसत नाही गं. पाचवर कर ना जरा."

काका दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाचवरच आहे, हे आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

हुबळीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेलीही फार टिकायची नाही. "इतके दिवस लक्षात कसं आलं नाही?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे दिवाच बारीक असतो ना."

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा काका घड्याळ घेऊन मीटरसमोर उभे होते. बाकी सगळं बंद, फक्त तो एक बल्ब चालू. आधी पाचवर, मग दोनवर ठेवून मीटरचं चाक किती वेळात फिरतं ते मोजत होते. दोनवर ते जरासंच हळू फिरत होतं, अगदी जरासंच. उजेड मात्र निम्म्याहून कितीतरी जास्त गेलेला.

"डब्याला हात लाव," ते म्हणाले. डबा चांगलाच तापला होता. "वीज इथे जळत होती, सुमित्रा. तीस वर्षं नुसते आकडेच वाचले गं मी." आणि ते भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले. मला त्यांची चीड आली होती, ती कुठे गेली कळलंच नाही.

त्यांनी डबा जोडणीतून काढला, पण भिंतीवर तसाच राहू दिला. काकूंनीच सांगितलं होतं, राहू द्या. का, ते मला माहेरपणाला आल्यावर कळलं.

लग्नानंतर पहिल्यांदाच मी तीच चंद्रकळा नेसून गेले होते, चुकलेल्या गोपुरासकट. मधल्या खोलीत आता मोठा बल्ब होता, डोळे दिपतील असा. शेजारच्या दोघीजणी बसल्या होत्या. काकूंनी चहाची कपबशी पुढे केली ती हवेतच, एकीच्या हातापासून वीतभर लांब. त्या दोघी गप्प झाल्या.

काकू भिंतीवरच्या डब्याकडे हात करून हसल्या. "काय करू बाई, आमच्या ह्यांचा दिवा दोनवर असतो. माणसं दिसतच नाहीत."

काकांनी त्या लख्ख बल्बकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"हो," ते म्हणाले, "दोनवरच आहे."