नेवऱ्यांचं रॉकेल

सेरियम या धातूवर मी डिचोलीच्या शाळांतून कितीदा तरी बोललो. लायटरचा खडा घासून ठिणगी दाखवायची, चष्म्याची काच याच्याच भुकटीने घासून चकचकीत करतात ते सांगायचं. मुलं खूश. वासूची गोष्ट मात्र टाळत आलो. आता टाळणं पुरे.

गोवा राज्य झालं, त्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मी डिचोलीजवळच्या एका फाउंड्रीत केमिस्ट होतो. खाणींच्या यंत्रांचे सुटे भाग आम्ही बिडात ओतायचो. साध्या बिडात कार्बन पापुद्र्यांसारखा पसरतो, म्हणून ते ठिसूळ. वितळलेल्या रसात थोडं सेरियम घातलं की कार्बनच्या गोळ्या होतात आणि बीड चिवट बनतं. पण सेरियमला दमट हवा लागली की ते गंजतं, त्याची भुकटी होते. ती भुकटी बिडात घालून काही उपयोग नाही. म्हणून तुकडे रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे.

त्या चवथीला रॉकेल मिळेना. स्टोव्ह रिकामे, चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायच्या कशावर? सुट्टीच्या आदल्या दिवशी मी सेरियमच्या डब्यातलं रॉकेल दोन बाटल्यांत ओतलं. एक मयेला माझ्या घरी नेली, दुसरी भट्टीवरच्या वासूला दिली. वासू दोडामार्गचा.

"भाई, ह्या त्या डब्यातला मां?"

"चवथीनंतर भरून ठेवतो. बोलू नको कुणाला."

सुट्टी संपली. डबा उघडला तर तुकड्यांवर पिवळसर पूड. वरवर असेल, म्हटलं. पात्रांव, म्हणजे आमचे मालक, दारातच उभे होते. "धक्क्यार बार्ज रावल्या. कप्पीचो ब्रॅकेट आजच जाय!" माल नेणारी बार्ज धक्क्यावर अडकली होती, कप्पी टांगायचा ब्रॅकेट त्यांना आजच हवा होता.

मी तुकडे तसेच तोलले. वासूने लेडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात टाकले, वर रस ओतला.

दुसऱ्या दिवशी नमुना घासून मायक्रोस्कोपखाली धरला. एकही गोळी नाही. सगळे पापुद्रे. बाहेर धावलो.

"ब्रॅकेट कुठंय?"

"ट्रक सकाळीच गेलो," वॉचमन म्हणाला.

स्कूटर काढली. मांडवीच्या धक्क्यावर पोचलो, तेव्हा ब्रॅकेट चढवून झाला होता आणि कप्पीवरून लोखंडी पेटी वर चालली होती. खाली तिघे हमाल विडी ओढत बसलेले.

"उठा! बाहेर या!"

"किदें जालें रे?"

"आधी बाहेर या, मग विचारा!"

शिव्या देत ते उठले. बंदुकीच्या बारासारखा आवाज करत ब्रॅकेट तुटला. पेटी विडीच्या थोटकांवर पडली.

पात्रांवांनी माझी पाठ थोपटली. बीड ठिसूळ निघालं म्हणजे सेरियम पडलंच नाही, असं धरून मग वासूला बोलावलं.

"मेटल घातलें काय विकलें?"

"घातलंय, पात्रांव. भाईंनीच मापून दिल्यानी."

पात्रांव माझ्याकडे वळले.

"मी वजन करून दिलं होतं," मी म्हणालो. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

वासू माझ्याकडे बघत राहिला. त्याच संध्याकाळी त्याला काढलं. गेटवर मला गाठून हळूच म्हणाला, "रॉकेलाचा मी खंय बोलूक नाय हां, भाई. उगाच तुमच्यार चोरीचो आळ इलो असतो."

त्याला वाटलं, मला भीती आहे ती चोरीच्या आळाची. रॉकेल गेल्यावर धातूचं काय झालं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

बऱ्याच वर्षांनी, चवथीलाच, हिय्या करून दोडामार्गला गेलो. वासूने नातवंडांना हाक मारली. "ह्ये ते भाई. त्या वर्षी ह्यांच्यामुळे आपल्या घरात नेवऱ्यो झाल्यो." माझ्यापुढे बशी आली.

"वासू, त्या ब्रॅकेटचं…"

"आधी खावा. मगे बोला."

मी खाल्लं. मग बोललो ते भातशेतीबद्दल, रस्त्याबद्दल.

वासू आता नाही. सेरियम उघडं ठेवू नये, एवढं मी शेकडो मुलांना शिकवलं. 'वासू, तू घातलंस ते मेटल मी आधीच मारून ठेवलं होतं,' हे मात्र ज्याला सांगायचं त्याच्यासमोर, तोंडात नेवरी असताना, गिळून टाकलं.