बाजेखालची जांभूळ स्टाउट

पहिला घोट घशाखाली गेला आणि मी ग्लास टेबलावर ठेवून दिला. दुसरा घ्यायची गरजच नव्हती. गोडी गायब होती.

"काय झालं?" निनादने विचारलं. निनाद आमच्या ब्रुअरीचा मालक. माझ्यापेक्षा बराच लहान, मला ताई म्हणतो.

"ही आपली जांभूळ स्टाउट नाही."

"लेबल तर तेच आहे, ताई."

"लेबल तेच आहे. आतली बिअर बदललीय."

माझं शिक्षण मायक्रोबायॉलॉजीचं. किकवीजवळ, हायवेपासून जरा आत आमची छोटी ब्रुअरी आहे आणि तिथे मी क्वालिटी सांभाळते. म्हणजे रोज बिअर चाखते. वाइन चाखणारे घोट थुंकून टाकतात. बिअरमध्ये तसं चालत नाही, कारण तिचा कडूपणा घशाशी कळतो. त्यामुळे थोडं का होईना, गिळावं लागतं. माहेरचे लोक याला नोकरी मानत नाहीत.

स्टाउट म्हणजे काळी बिअर. जव कॉफीसारखा काळाकुट्ट भाजून ती करतात. आमच्या स्टाउटमध्ये आम्ही जांभळाचा गर घातला होता. आधी भाजलेला कडवटपणा, मग जांभळाची गोडी, शेवटी जीभ जड करणारा तो तुरटपणा, अशी चव आम्ही बऱ्याच खटपटीनंतर जमवली होती. आता मधली पायरीच नव्हती. बिअर पाण्यासारखी पातळ लागत होती. जिभेला गॅस टाचणीसारखा टोचत होता. वास लवंगेचा येत होता आणि लवंग आम्ही घातलीच नव्हती.

आणि फेस. स्टाउटचा फेस वर येतो आणि बसतो. हा बसत नव्हता. ग्लासाच्या कडेवरून उतरून टेबलावर पसरत चालला होता.

"थोडी ड्राय झालीय," निनाद घोट घेऊन म्हणाला. "पण वाईट नाही. पुण्यात ड्राय आवडते लोकांना."

"निनाद, चवीचा प्रश्नच नाहीये."

मग त्याला जे सांगितलं, ते इथेही सांगते. बिअरमध्ये यीस्ट असतं. ते साखर खातं आणि दारू व गॅस तयार करतं. आमचं यीस्ट ठराविक साखर खाऊन थांबतं. पण फळाच्या सालीवर रानटी यीस्टही असतं. ते थांबत नाही. एखादं बाटलीत शिरलं तर आमच्या यीस्टने सोडलेली साखरही संपवतं आणि गॅस करत राहतं. लवंगेचा वासही त्याचाच. टाकीतून गॅस बाहेर जायला वाट असते. बूच लावलेल्या बाटलीतून नसते. गोडी गेली याचा अर्थ साखर गेली. साखर गेली याचा अर्थ तिचा गॅस झाला.

"म्हणजे बाटल्या..." निनाद म्हणाला, आणि शेजारच्या खोलीत स्फोट झाला.

दुसरा शब्द मला सुचत नाही. डब्यात सुतळी बॉम्ब लावावा तसा आवाज. पाठोपाठ काचा पडल्याचा. आम्ही दोघं जागच्या जागी उभे राहिलो. मग आणखी एक.

त्या खोलीत आम्ही प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या साध्या फळीवर ठेवतो. बाकी माल कोल्ड रूममध्ये असतो, पण गिऱ्हाइकाच्या घरी कोल्ड रूम नसते. उबेत बिअरचं काय होतं ते या फळीवर कळतं. थंडीत यीस्ट झोपून राहतं, उबेत कामाला लागतं. दार किंचित उघडून मी पाहिलं. भिंतीवरून काळं पाणी ओघळत होतं. समोरच्या भिंतीला लावलेल्या थर्माकोलमध्ये काचेचा एक सुरीएवढा तुकडा रुतला होता. नेमका माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर. मघाशी मी त्याच फळीसमोर वाकून, कुठली बाटली घ्यावी म्हणून निवांत लेबलं वाचत उभी होते.

मी दार ओढून घेतलं.

"बाहेर किती माल गेलाय?"

"एकही बाटली नाही. लाँच दिवाळीनंतर आहे. सगळं कोल्ड रूममध्ये..." निनाद बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा उतरला. "ताई, आण्णांना एक पेटी दिलीय."

आण्णा म्हणजे गुंजवण्याचे आमचे जांभूळवाले. आमची सगळी जांभळं त्यांच्या बांधावरच्या झाडांची. पहिला माल भरल्यावर निनाद हौसेने एक पेटी त्यांच्या घरी देऊन आला होता. तेव्हापासून ऑक्टोबरचं ऊन तापत होतं आणि पेटी त्यांच्या घरात होती.

मी फोन लावला. आवाक्याबाहेर. सुनेचा लावला. तोही आवाक्याबाहेर.

आम्ही बॉयलरवर वापरतो ते चामड्याचे हातमोजे घेतले, तोंडावर बांधायच्या प्लास्टिकच्या दोन ढाली घेतल्या, रिकामी पोती आणि बर्फाने भरलेली मोठी पेटी गाडीत टाकली. कोल्ड रूमला कुलूप लावून किल्ली मी खिशात ठेवली. मी बिअर गिळली होती, निनादने मात्र त्याचा घोट टेबलावरच्या वाटीत थुंकला होता; ते विचारून खात्री करून घेतली आणि गाडी त्याला चालवायला सांगितली.

नसरापूरच्या फाट्यावरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. भात काढणी जोरात होती. मार्गासनीच्या अलीकडे पेंढ्यांनी भरलेला ट्रॅक्टर पुढे आला आणि हलेना. निनाद हॉर्न वाजवत होता. मी फोन लावत होते. मनात एकच चित्र होतं, त्या घरातलं कुणीतरी बाटली उचलून उजेडात धरतंय आणि आत काय आहे ते बघतंय.

"त्यांनी पिऊन संपवल्या असतील," निनाद म्हणाला.

"असतील."

"आण्णा पीतच नाहीत ना पण."

मी पुन्हा फोन लावला.

साखर गाव ओलांडल्यावर रस्ता अरुंद झाला. गुंजवण्यात आण्णांचं घर वरच्या आळीला आहे. अंगणात आण्णांची सून सुनंदा भाताच्या पेंढ्या रचत होती. आम्हाला बघून तिने पदर सावरला.

"या की. आसं आचानक?"

"सुनंदा, ती बाटल्यांची पेटी कुठंय?"

"घरातच हाय. दिवाळीला पावनं येतील म्हून ठिवलीय. ह्यांनी यकच फोडली. लई जोर हाय तिच्यात, फेस पार आढ्याला लागला. अजून डाग हाय."

"घरात कुठं?"

"मामंजींच्या बाजंखाली. पायात येती म्हून तकडं सारली."

"आणि आण्णा?"

"बाजंवरच की. पाय मोडलाय न्हाई का त्यांचा. पिलास्टर हाय."

आम्ही दारातून आत पाहिलं. आण्णा काथ्याच्या बाजेवर आडवे होते, एक पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. खाली, बरोबर त्यांच्या पाठीखाली, आमची पेटी. वरून पत्रा तापला होता. त्यांच्या पाठीत आणि त्या बाटल्यांत एक गोधडी आणि काथ्याची वीण, एवढंच होतं.

"आवो, या या," म्हणत आण्णा कोपरावर उठायला लागले. बाज करकरली.

"आण्णा, हलू नका!"

मी इतक्या मोठ्याने ओरडले की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. आण्णा तसेच कोपरावर थांबले. "का वो? साप हाय का?"

"साप नाही. तुमच्या खालच्या बाटल्या फुटायच्या बेतात आहेत. आमच्याकडं फुटल्यात. काच भिंतीत घुसते."

ते खालच्या आवाजात म्हणाले, "मंग आता म्या पळू कसा?"

"पळायचं नाही. आम्ही उचलतो."

ढाली दोनच होत्या. एक मी आण्णांच्या तोंडावर बांधली, दुसरी निनादला दिली. निनाद काखेत हात घालून, मी कमरेशी आणि सुनंदा प्लास्टरच्या पायाशी, असे आम्ही उभे राहिलो. तिला लांब थांब म्हणून सांगितलं, पण ती ऐकेना. "त्यो पाय मलाच धरता येतो," म्हणाली. आण्णा अंगाने भरलेले. उचलताना बाजेचा एक पाय जमिनीवरून सुटला आणि परत टेकला. खाली काचेला काच लागल्याचा बारीक किणकिणाट झाला. वाटलं, आता.

काही झालं नाही. आम्ही दारापर्यंत आलो. उंबऱ्यावर सुनंदाचा पाय अडखळला, आण्णा कळवळले, तरी कुणी थांबलं नाही. अंगण ओलांडून पेंढ्यांच्या आडोशाला त्यांना बसवलं.

"गोधडी तरी आणा, खाली टोचतंय," आण्णा म्हणाले.

सुनंदा वळली. मी तिचं मनगट धरलं. तेवढ्यात घरात पहिली बाटली फुटली. मग तिच्या धक्क्याने शेजारच्या. एकामागोमाग, जणू कुणी आतून पत्रा बडवतंय. कोंबड्या सैरावैरा पळाल्या. बाजूच्या शेतातून माणसं धावत आली. दारातून जांभळट फेस बाहेर आला आणि अंगणाच्या उतारावरून वाहायला लागला.

मग शांत झालं. ती शांतता मला जास्त भीतीची वाटली, कारण किती फुटल्या आणि किती राहिल्या ते कळायला मार्ग नव्हता. लोक दाराशी जमायला लागले. निनाद हात पसरून त्यांना मागे सारत होता.

आत कुणीतरी जायला हवं होतं. निनाद म्हणाला, "मी जातो." पण असा दाब चढलेल्या बाटल्या मी पूर्वी हाताळल्या होत्या, त्याने नव्हत्या. आण्णांच्या तोंडावरची ढाल सोडवून मी बांधली. पोती भिजवून ती पुढे धरून भिंतीच्या कडेकडेने आत गेले. पेटीवर पोती टाकली. त्यांवर बर्फ ओतला. वर आणखी पोती टाकली. हे करताना एक बाटली पोत्याखालीच फुटली. पोतं हातभर उडालं आणि माझ्या तोंडून कसला आवाज निघाला ते मला आठवत नाही. पुन्हा पोतं टाकलं आणि बाहेर आले. अंगणात बसले तेव्हा कळलं की आपण रडतोय.

बर्फाने बाटल्या गार पडल्या की आतला दाब कमी होतो. तसं होईपर्यंत आम्ही कुणाला उंबरा ओलांडू दिला नाही. मग उरलेल्या बाटल्या मी एकेक करून पोत्यात गुंडाळून ओपनरने किंचित सैल केल्या. प्रत्येकीने सापासारखा फूत्कार सोडला.

नंतर सुनंदाने बाजेवरची गोधडी आणून अंगणात उलटी पसरली. काथ्याची वीण दोन ठिकाणी तुटली होती. गोधडीच्या खालच्या अंगाला, पाठ येते तिथे, काचा रुतल्या होत्या. त्यातली एक वरपर्यंत आली होती. आण्णांनी तिच्यावर बोट फिरवलं.

"आमचं जांभूळ एवढं तापट न्हाई वो," ते म्हणाले आणि हसले. दुसरं कुणी हसलं नाही. निनाद त्यांच्या पायाशी बसला, माफी मागायला लागला. आण्णांनी त्याला चहा घ्यायला लावला.

कोल्ड रूममधला सगळा माल आम्ही थंड असतानाच उघडून ओतून दिला. सालीवरचं यीस्ट मरावं म्हणून गर नीट तापवलेला होता. पण तो नेणाऱ्या पाइपच्या एका जोडणीच्या रबरात आधीच्या कच्च्या गराचा अंश अडकून राहिला होता आणि रानटी यीस्ट तिथून शिरलं होतं. आता तो पाइप नाही. शिवाय, साध्या फळीवर तग धरून माझ्या जिभेवरून गेल्याशिवाय आमच्याकडून एकही बाटली बाहेर जात नाही, भेट म्हणूनसुद्धा नाही. निनादला हे जाचक वाटत नाही.

चव बदलली की लोक विचारतात, आवडली की नाही. मी आधी विचारते, बाकीच्या बाटल्या कुठं आहेत.