रकानेवाले सर

आमच्या प्रकल्पाचं मूल्यमापन करायला नेमलेले सर एकाही जखमी मुलाकडे न बघता सांगू शकत, की तो सुधारला आहे. ही विद्या त्यांना एका फॉर्ममुळे साध्य झाली होती. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना रकानेवाले सर म्हणायचो.

जळगावातल्या एका दवाखान्यात मी समुपदेशक. मारामारीत भोसकलेली, डोकी फुटलेली तरुण पोरं वॉर्डात असतानाच त्यांच्याशी बोलायचं, घरच्यांना भेटायचं, भांडण मिटवायचं. ती पुन्हा तशीच येऊ नयेत, एवढ्यासाठी हा प्रकल्प. सर महिन्यातून एकदा येत आणि एसीच्या खोलीत बसत. वॉर्डाच्या वासाने म्हणे त्यांचं डोकं धरायचं. भरिताचा डबा मात्र चांगला तिखट लागायचा. "भावना बाजूला ठेवा, रकाना भरा," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते बोलताना ओठाला तेल लागलेलं असे.

धरणगावचा विशाल कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. हळदीच्या नाचात धक्का लागला, एवढ्यावरून गल्लीतल्याच दोघांनी त्याच्या मांडीत चाकू घातला. पुढे ते दोघे जामिनावर सुटून आले. विशालला काही महिने चाळीसगावला मामाकडे पाठवू, तिथे काम लावून देऊ आणि तोवर मी दोन्ही घरांत बसून समेट घडवतो, असा कागद मी सरांपुढे ठेवला. मंजुरी येईपर्यंत थांबा, असं त्याच्या आईला मीच सांगितलं होतं.

सरांनी कागद परत केला. "स्थलांतराला रकाना नाही. आणि मुलगा गावाबाहेर गेला तर आपला पाठपुरावा बिघडतो."

मी पुन्हा अर्ज लिहायला घेतला.

तीन महिन्यांच्या पाठपुराव्याला विशालऐवजी त्याची आई आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"त्यास्नी मना पोऱ्याले मारी टाकं, साहेब. दवाखानामा लई जावाना आधीच गया तो."

सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, शेवटी माणूस हलला.

"म्हणजे पुन्हा दाखल झाला नाही," ते हळूच म्हणाले आणि 'यशस्वी' या रकान्यात बरोबरची खूण केली.

खाली माझी सही लागत होती. अहवाल चांगला गेला तरच प्रकल्प चालू राहणार होता, आणि वॉर्डात आणखी पोरं होती. मी सही केली. त्या माणसाचा मला विलक्षण तिटकारा आहे, आणि त्यातला बराचसा माझ्याच वाट्याचा आहे.

सर बढती घेऊन धुळ्याला गेले, तेव्हा निरोपाचा हारही मीच घातला. फॉर्म अजून तोच आहे. फक्त प्रत्येक फॉर्मवर, अगदी वर, मी पेनाने एक रकाना आखतो: जिवंत आहे का?

परवा नव्या मॅडमनी विचारलं, "हा कुणी वाढवला?"

मी म्हटलं, "विशालच्या आईने."